फाइलमध्ये दुसरं कोण बोलतंय? स्क्रीन रीडर चालू ठेवून फोनवर रेकॉर्डिंग करतानाचं एक प्रकरण

(संबंधितांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

या प्रकरणातली निवेदिका जन्मापासून अंध आहे. एका श्राव्य-पुस्तक उपक्रमासाठी ती पुस्तकं वाचून देते. वाचून म्हणजे ऐकून. मजकुराची फाइल फोनमध्ये उघडायची, स्क्रीन रीडरकडून (स्क्रीनवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सोयीकडून) एक वाक्य कानात ऐकायचं आणि तेच आपल्या आवाजात, आपल्या चालीने म्हणायचं. मधले ऐकण्याचे थांबे संपादक नंतर कापून टाकतो. अनेक अंध निवेदक असंच काम करतात आणि सरावाने इतके तयार होतात की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही.

तिचं पहिलं पुस्तक स्टुडिओत झालं होतं. तिथे रेकॉर्डिंग चालू-बंद करायला काचेपलीकडे माणूस होता, तिच्याकडे फक्त मजकुराचा फोन आणि इअरफोन. दुसऱ्या पुस्तकापासून तिने घरूनच काम करायचं ठरवलं. आयफोनवर व्हॉइसओव्हर हा त्यातलाच स्क्रीन रीडर, रेकॉर्डिंगसाठी त्यातलंच व्हॉइस मेमोज ॲप, माइक असलेला साधा वायरचा इअरफोन. रेकॉर्डिंग सुरू करायचं, ते मागे चालू ठेवून मजकुराच्या ॲपमध्ये जायचं आणि वाचायला लागायचं. तिच्या कपाटात एक जुना अँड्रॉइड फोनही पडून होता. त्याचं काम पुढे निघालं.

स्टुडिओत दोन यंत्रं आणि दोन माणसं जे करत होती ते आता एक फोन आणि एक माणूस करणार होता. सुरुवातीला हा फरक कोणालाच महत्त्वाचा वाटला नाही.

अडचण

पहिली काही प्रकरणं गेली आणि संपादकाचा निरोप आला: “पार्श्वभूमीत गोंगाट आहे, पुन्हा करावं लागेल.” तिने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दाराच्या फटीला कापड लावलं आणि सगळं पुन्हा वाचलं. फाइल परत आली. मग दोघांचं फोनवर बोलणं झालं.

“ताई, तुमच्या मागे कोणीतरी बोलतंय.”

“दादा, मी दार लावून एकटीच बसते.”

“कुजबुज आहे. फार भरभर. शब्द कळत नाहीत.”

तिला तेव्हाच कळलं. भरभर बोलणारं, शब्द न कळणारं म्हणजे तिचाच व्हॉइसओव्हर. तिच्या रोजच्या वेगात तो डोळस माणसाला मराठी वाटतच नाही. “गोंगाट” हा शब्द ऐकून तिने खोली शांत केली होती, आणि खोली आधीपासूनच शांत होती.

या टप्प्यावर त्यांनी मला फाइली पाठवल्या. कान देऊन ऐकल्यावर चार वेगवेगळ्या गोष्टी सापडल्या. फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी “रेकॉर्ड, बटण” वगैरे घोषणेची शेपटी आणि काचेवरच्या दोन टकटकी. वाक्यावाक्यांच्या मध्ये बारीक ‘टिक’ आणि बोटाचा बोथट ठोका. थांब्यांमध्ये स्पष्ट कुजबुज. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचं वाक्य सुरू होताना त्याच्या पहिल्या दोन-तीन शब्दांखाली तीच कुजबुज.

शेवटच्या गोष्टीने सगळं अडवलं होतं. थांब्यातला आवाज कापता येतो, शब्दाखालचा येत नाही.

आवाज येतो कुठून

रेकॉर्डिंग ॲप फोनच्या आतून स्क्रीन रीडरचा आवाज उचलत असेल, असा संपादकाचा समज होता. तसं होत नाही. ॲप माइकमधून येणारा आवाज घेतं. अँड्रॉइड 10 पासून एका ॲपला दुसऱ्याचा आवाज आतून टिपायची सोय आहे, पण तीही गाणी, व्हिडिओ, खेळ अशा आवाजांपुरती. सहायक सेवांचा आवाज त्यात येत नाही. म्हणजे कुजबुज बाहेर पडून माइककडे परत येत होती, आणि तिची वाट शोधायची होती.

त्यासाठी जी चाचणी केली तिला आम्ही “मुकी चाचणी” म्हणू लागलो. नेहमीसारखी तयारी करायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तोंड मिटून बसायचं. स्क्रीन रीडरला नेहमीच्या आवाजात एक परिच्छेद वाचू द्यायचा. मग फाइल मोठ्या आवाजात ऐकायची. जे ऐकू येईल ते तुमचं नाही.

पहिल्या चाचणीत परिच्छेद स्वच्छ ऐकू आला. मी विचारलं, इअरफोन कसे लावता? ती म्हणाली, एका कानात. दुसरा कान स्वतःचा आवाज ऐकायला मोकळा लागतो. मग दुसरा बड कुठे असतो? “गळ्यात लोंबतो.” वायरवरचा माइक त्या लोंबत्या बडपासून जेमतेम वीतभर. मोकळ्या कानामुळे तिने व्हॉइसओव्हरचा आवाजही वाढवून ठेवला होता. आयुष्यभर असेच इअरफोन वापरलेल्या माणसाला हे सांगण्यासारखं वाटत नाही आणि विचारणाऱ्याला सुचत नाही.

दुसऱ्या चाचणीत दोन्ही बड कानात. कुजबुज खूप कमी झाली, पण गेली नाही. इथे थांबून “ठीक आहे, भागेल” म्हणायचा मोह झाला होता. तरी तिसरी चाचणी केली: दोन्ही बड जाड टॉवेलात गुंडाळून माइकपासून वायर पोहोचेल तितके लांब ठेवले. उरलेली कुजबुज तेवढीच राहिली. हवेतून येत असती तर टॉवेलाने फरक पडला असता. म्हणजे ही दुसरी, विजेची वाट होती. माइकवाल्या इअरफोनच्या पिनला चार पट्टे असतात आणि त्यात दोन्ही बड आणि माइक यांची परतीची तार एकच असते. त्या सामाईक तारेतून बडकडे जाणाऱ्या आवाजाचा बारीकसा अंश माइकच्या बाजूला उतरतो. चांगल्या बनावटीत तो कानाला जाणवत नाही. या इअरफोनमध्ये आणि तो आयफोनला जोडायच्या ॲडॅप्टरमध्ये मिळून तो जाणवत होता.

टिक आणि ठोक्यांचं कोडं सोपं होतं. टिक म्हणजे व्हॉइसओव्हरचे स्वतःचे ध्वनी-इशारे. ठोका म्हणजे बोट. ती वाचन अखंड चालू ठेवून, वाक्य संपताच दोन बोटांनी एकदा टॅप करून व्हॉइसओव्हरला थांबवत असे. टॅप होईपर्यंत तो पुढच्या वाक्यात शिरलेला असे आणि हिचं बोलणं सुरू झालेलं असे. शब्दांखालची कुजबुज इथली होती.

विचारात घेतलेले पर्याय

एडिटिंगमध्ये साफ करणं. संपादकाचा पहिला विचार हाच होता. त्याने ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करण्याची सोय) लावून पाहिलं. या पद्धतीत फक्त नको असलेल्या आवाजाचा तुकडा निवडून त्याचा नमुना द्यावा लागतो आणि मग तसा आवाज सगळीकडून वजा होतो. पंख्याची घरघर, विजेची गुणगुण असे एकसुरी आवाज त्याने जातात. बोलणं क्षणाक्षणाला बदलतं, त्याचा नमुना कुठला घेणार? आयफोनच्या व्हॉइस मेमोजमधली रेकॉर्डिंग सुधारण्याची सोयही वापरून झाली. अशी साधनं माणसाचं बोलणं राखून बाकीचं दाबायला बनवलेली असतात, आणि स्क्रीन रीडर बोलतोच. आजूबाजूची सळसळ गेल्यावर कुजबुज उलट उठून दिसली.

स्क्रीन रीडर बंद करणं. उपक्रमातल्या एका डोळस सहकाऱ्याचा हा सल्ला. सल्ला देणाऱ्यांना तो नेहमी पहिला सुचतो. या कामात तर तो लागूच नव्हता, कारण मजकूर तोच वाचून दाखवत होता. पण मजकूर पाठ असता तरी निवेदिकेचा नकार कायम राहिला असता. मध्येच फोन आला, जागा संपली, चुकून बोट लागून रेकॉर्डिंग थांबलं, तर तिला कळणार कसं?

ब्लूटूथ इअरफोन. वायरच नको, म्हणजे सामाईक तारही नको. तिने एक प्रकरण असं वाचलं. कुजबुज नव्हती, पण आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा चेपलेला. ब्लूटूथवर गाणी ऐकताना एकतर्फी, चांगल्या दर्जाची जोडणी असते. ब्लूटूथचा माइक सुरू झाला की फोन कॉलच्या जोडणीवर जातो, आणि तिथे आवाज सेकंदाला 8,000 किंवा 16,000 नमुन्यांवर येतो. साध्या रेकॉर्डिंगमध्ये ते 44,100 किंवा 48,000 असतात. जितके नमुने त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच कंप्रता टिकतात, म्हणजे 8,000 ला 4,000 हर्ट्झ. संपादकाने फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या कंप्रतेला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) उघडला तेव्हा 4,000 च्या रेषेवर सगळं सपाट कापलेलं, वर काळोख. ‘स’चा बहुतेक जोर त्या रेषेच्या वर असतो, ‘श’चा बराचसा खाली. फाइलमध्ये ‘साल’ आणि ‘शाल’ वेगळे ऐकू येत नव्हते. हा दोष नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. जे टिपलंच नाही ते परत कुठून आणणार? ब्लूटूथची नवी एलई ऑडिओ पद्धत यात बरीच सुधारणा करते, पण फोन आणि इअरफोन दोघांनाही ती यावी लागते. हिच्या जोडीला येत नव्हती.

कॉलरचा माइक. एकाने आपला चार पट्ट्यांच्या पिनचा माइक देऊ केला. तो लावला आणि व्हॉइसओव्हर गप्प झाला. फोनला वाटलं इअरफोन लागला, त्याने आवाज तिकडे पाठवला, आणि तिकडे तर नुसता माइक. डोळस माणूस अशा वेळी स्क्रीनकडे बघून काम चालवतो. हिच्या हातात क्षणात एक मुका काचेचा तुकडा उरला. माइकसोबत इअरफोनची वेगळी जागा असलेला जोड मिळतो, तो घ्यायचा विचार झाला आणि मागे पडला.

माइक नसलेले हेडफोन. हा पर्याय दिसायला क्षुल्लक, पण सगळ्यात उपयोगी ठरला. तीन पट्ट्यांच्या पिनचे साधे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावले की आवाज हेडफोनमध्ये जातो आणि माइक मात्र फोनचा स्वतःचा चालू राहतो. सामाईक तारेचा प्रश्न मिटतो, लोंबता बड नसतो. मुकी चाचणी पहिल्यांदाच स्वच्छ आली. मग प्रत्यक्ष वाचून पाहिलं तर ठोके दुप्पट. आता माइक फोनच्याच कडेला होता आणि ती त्याच फोनच्या काचेवर बोटं चालवत होती.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे फोनवरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या ब्रेल टिपक्यांत दाखवणारं यंत्र. मजकूर बोटांखाली, कानात काहीच नाही. उपक्रमाकडे एक होता, तो काही दिवस मागून आणला. टिपके वर-खाली होताना त्याचाही हलका खडखडाट होतो, पण तो ओळ बदलतानाच आणि तिच्या श्वासाच्या जागी. तिची खरी हरकत वेगाची होती: वर्षानुवर्षं ऐकून काम केल्यामुळे ब्रेलची बोटं मंदावली होती, आणि शेकडो पानांचं पुस्तक समोर होतं.

ठरवलं काय आणि केलं काय

तोपर्यंत चर्चा “स्क्रीन रीडर गप्प कसा करायचा” या प्रश्नाभोवती फिरत होती. हेडफोनच्या चाचणीनंतर प्रश्न बदलला: तो बोलतो केव्हा आणि त्याचा आवाज पडतो कुठे? तो थांब्यात बोलला तर बोलू दे, थांबे कापलेच जाणार आहेत. तिच्या शब्दांखाली तो येऊ नये आणि तिचं बोट माइकच्या फोनला लागू नये, एवढंच पुरेसं होतं.

बोटासाठी जुना अँड्रॉइड बाहेर निघाला. मजकूर त्याच्यावर, टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरसह, हेडफोन त्यालाच. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये ध्वनी-प्रतिसाद आणि कंपन दोन्ही बंद. एक कान मोकळा हवा हा तिचा आग्रह रास्त होता. त्यासाठी फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये आवाजाचा तोल पूर्ण एका बाजूला सरकवला, म्हणजे मोकळ्या कानाची वाटी मागे सरकवली तरी तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही. अँड्रॉइड 8 पासून टॉकबॅकला स्वतःचा वेगळा आवाज-पातळीचा मार्ग असतो, तो तिने कळेल इतपत खाली आणला.

आयफोन मेजावर घडी घातलेल्या जाड कापडावर, तोंडापासून हातभर. दोन्ही फोन विमान मोडवर. रेकॉर्डिंगच्या फोनवर व्हॉइसओव्हर चालूच, फक्त त्याचे ध्वनी-इशारे बंद. दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की व्हॉइस मेमोजमध्ये रेकॉर्डिंग सुरू होतं, बटण शोधावं लागत नाही. सुरू झाल्याची खात्री कानाने करून घ्यायची, मग तीन बोटांनी दोनदा टॅप करून बोलणं बंद. (ज्यांच्याकडे झूम, म्हणजे स्क्रीन मोठी करून दाखवणारी सोयही चालू असते त्यांना हेच तीनदा टॅप करावं लागतं.) बोलणं बंद होतानाही तो तसं जाहीर करतोच. म्हणून काही सेकंद शांत राहून प्रकरण आणि भागाचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा. संपादक क्रमांकाच्या आधीचं सगळं कापतो. ती शांतता त्याला खोलीचा नमुना म्हणूनही उपयोगी पडते.

बोलणं बंद असताना रेकॉर्डिंग मध्येच थांबलं तर? हा तिचा जुनाच प्रश्न. त्यावर उत्तर निघालं ते तंत्राचं नव्हतं: फाइली लहान करायच्या. पूर्ण प्रकरणाऐवजी काही पानांचा भाग, थांबवायचं, बोलणं चालू करून तपासायचं, पुढचा भाग. गेलं तर थोडंच जाईल. एकदा बोलणं परत चालू करायला ती विसरली आणि फोन बिघडला समजून तो बंद करून सुरू केला. तेव्हापासून भाग संपला की आधी तीन बोटं, मग बाकीचं, असा क्रम पडला.

शब्दांखालच्या कुजबुजीचा उपाय संपादकाला सुचला, आणि या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मी तोच मानतो. त्याने मजकुराची फाइल अशी तयार केली की प्रत्येक वाक्य स्वतंत्र परिच्छेद व्हावं. लांब वाक्यं अर्थाच्या जागी तोडली. आता एकदा उजवीकडे स्वाइप केलं की एक वाक्य, आणि टॉकबॅक आपोआप गप्प. थांबवण्यासाठी टॅप करायलाच नको, त्यामुळे पुढच्या वाक्यात शिरणंही नाही. हेडफोन, तोल, कापड या सगळ्यांनी कुजबुज बारीक केली. तिच्या शब्दांखालून ती काढली फाइलच्या मांडणीने.

निष्पत्ती

या पद्धतीने केलेली प्रकरणं स्वीकारली गेली. आधीच्या फाइलींपैकी ज्यांत कुजबुज फक्त थांब्यात होती त्या संपादकाने वाचवल्या, बाकीच्या तिने पुन्हा वाचल्या. ब्लूटूथवरचं प्रकरण अर्थातच पुन्हा.

सगळं सुटलं असं नाही. दोन फोन, दोन स्क्रीन रीडर, दोघांचे हातवारे वेगळे. आयफोनची सवय असलेल्या बोटांना टॉकबॅक अजून अधूनमधून फसवतो. लहान फाइलींमुळे संपादकाचं जोडकाम वाढलं, आणि दोन भागांत तिच्या आवाजाची पट्टी किंचित बदलते ती जुळवावी लागते. तिला प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं याची तिची तक्रारही खरी आहे. संवादाच्या पानांवर लय तुटते, म्हणून तिथे संपादक आता दोन-तीन छोटी वाक्यं एकाच परिच्छेदात ठेवतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या निरोपात “गोंगाट” ऐवजी वेळ आणि तुकडा पाठवला असता तर खोली शांत करण्यात आणि सगळं पुन्हा वाचण्यात गेलेले कष्ट वाचले असते. “चौथ्या मिनिटाला, या शब्दाखाली हे ऐका” म्हटलं असतं तर तिने स्वतःच्या स्क्रीन रीडरचा आवाज क्षणात ओळखला असता. तो तिच्याइतका कोणालाच ओळखू येत नाही.

मुकी चाचणी पहिल्या प्रकरणाच्या आधी व्हायला हवी होती. तिला काही खर्च नाही, आणि इअरफोन, ॲडॅप्टर किंवा फोन बदलला की ती पुन्हा करावी लागते. कारण हवेची वाट आणि तारेची वाट प्रत्येक जोडीत वेगळी निघते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शिस्तही उशिरा आली. ब्लूटूथच्या प्रयोगात इअरफोन, माइक आणि आवाजाची पातळी एकदम बदलली होती. त्यामुळे कुजबुज गेली ती नक्की कशाने, हे त्या फाइलवरून सांगता आलं नाही.

ब्रेल डिस्प्ले आम्ही वेगाच्या कारणाने लवकर बाजूला ठेवला. पुस्तकात मध्ये काही कविता होत्या. त्या ऐकून म्हणताना यंत्राची सपाट चाल तिच्या आवाजात उतरत होती आणि ओळ कुठे संपणार हे आधी कळत नसल्याने श्वास चुकीच्या जागी पडत होता. संपादकाने तेवढ्यापुरता डिस्प्ले पुन्हा मागून आणला. कवितांची पानं तिने बोटांनी वाचली आणि ती पहिल्याच खेपेत स्वीकारली गेली. पुढच्या पुस्तकाचा मजकूर हातात आला की कुठली पानं कानाने आणि कुठली बोटांनी वाचायची हे दोघं आधीच आखून घेणार आहेत.